अहमद झेवेल आणि फेम्टोरसायन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्र शिकणारी मुलं, त्यांचे शिक्षक आणि विज्ञानाची आवड असलेले वाचक झेवेल यांच्याविषयी जे प्रश्न वरचेवर विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काही बरीच लांबली आहेत. 'झेवेल म्हणजे वेगवान लेसर' एवढंच समीकरण डोक्यात असेल, तर ते तूर्त बाजूला ठेवून वाचा. वेगवान लेसर इतरांकडेही होते. झेवेल यांचं वेगळेपण त्याच्या बरंच आधी सुरू होतं.

अहमद झेवेल कोण होते?

इजिप्तमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत कारकीर्द घडवलेले भौतिक रसायनशास्त्रज्ञ. जन्म २६ फेब्रुवारी १९४६, निधन २ ऑगस्ट २०१६. रासायनिक अभिक्रिया चालू असताना रेणूतले अणू कसे हलतात, हे फेम्टोसेकंदांच्या लेसर पल्स, म्हणजे प्रकाशाचे अतिशय छोटे झटके, वापरून त्यांनी दाखवलं. या अभ्यासालाच फेम्टोरसायन म्हणतात. त्यासाठी त्यांना १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही एकट्याला. विज्ञानातलं नोबेल मिळवणारे ते पहिले इजिप्शियन. १९७६पासून अखेरपर्यंत ते कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या कॅलटेक या संस्थेत होते.

फेम्टोसेकंद म्हणजे किती?

एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक भाग. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद मावतात, तितके सेकंद मोजत बसलो तर ३ कोटी वर्षांहून जास्त काळ लागेल. सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका फेम्टोसेकंदात मायक्रोमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही जात नाही.

इतक्या खाली उतरायचं कारण साधं आहे. रेणूतले अणू साधारण सेकंदाला एक किलोमीटर या वेगाने हलतात आणि रासायनिक बंध तुटायला त्यांना अगदी थोडं अंतर जावं लागतं, एका अणूच्या आकाराएवढं किंवा त्याहून कमी. भागाकार केला की उत्तर शंभर फेम्टोसेकंदांच्या आसपास येतं. म्हणजे ही कालमर्यादा निसर्गानेच ठरवून दिलेली आहे.

त्यांचं बालपण कसं होतं?

जन्म दमनहूरचा, पण ते वाढले देसूकमध्ये. नाईलच्या रोझेटा फाट्यावरचं हे गाव सूफी संत इब्राहिम अल-देसूकी यांच्या मशिदीसाठी ओळखलं जातं. त्या मशिदीच्या आवारात मुलं अभ्यासाला बसत, अहमदही बसत. वडील सायकली आणि मोटारसायकली जुळवण्याचा व्यवसाय करत, पुढे सरकारी नोकरीत गेले. तीन बहिणी आणि हा एकुलता मुलगा. त्याच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावर घरच्यांनी 'डॉक्टर अहमद' अशी पाटी लावली होती, तीही तो शाळेत असतानाच.

लहानपणचा एक उद्योग त्यांनी स्वतः सांगितला आहे. आईच्या कॉफीच्या बर्नरवर काचेच्या नळ्या जोडून ते लाकूड तापवायचे आणि त्यातून वायू आणि द्रव कसे बाहेर पडतात ते बघत बसायचे. पाठांतराचे विषय त्यांना कधी आवडले नाहीत. 'हे असं का होतं' याचा पिच्छा पुरवण्यात मात्र ते रमत. इजिप्तची गायिका उम्म कुल्सूमची गाणी त्यांच्या सोबतीला आयुष्यभर राहिली.

अमेरिकेला ते कसे गेले?

अलेक्झांड्रिया विद्यापीठातून १९६७मध्ये त्यांनी पदवी घेतली, वर्गात अव्वल येऊन. लगेच तिथेच शिकवायची जागा मिळाली आणि स्पेक्ट्रोस्कोपीतलं (प्रकाशाच्या वर्णपटावरून पदार्थाचा अभ्यास) एम.एस्सी.चं काम त्यांनी आठ महिन्यांत उरकलं. वर्ष नीट बघा: १९६७ म्हणजे इस्रायलशी झालेल्या युद्धाचं वर्ष. त्यानंतर इजिप्तचे विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी मुख्यतः सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात जात होते, अमेरिकेची वाट जवळपास बंद होती. तरी अमेरिकेत शिकून आलेल्या आपल्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाने झेवेल यांनी अर्ज केले आणि फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवली.

तिथे रॉबिन हॉकस्ट्रासर यांच्या हाताखाली १९७४मध्ये पीएच.डी. झाली. मग कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स हॅरिस यांच्याकडे दोन वर्षं. आधी बेत परत जाऊन अलेक्झांड्रियात शिकवायचा होता. बर्कलीत प्रयोगांची चटक लागली, त्यांनी अमेरिकी विद्यापीठांत नोकरीसाठी अर्ज टाकले आणि १९७६मध्ये ते कॅलटेकला सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. दोन वर्षांच्या आत त्यांची नेमणूक कायम झाली. अमेरिकी विद्यापीठांत यासाठी सहसा सहा-सात वर्षं घासावी लागतात, हे लक्षात घेतलं की याचं वजन कळतं.

त्यांच्या आधी रसायनशास्त्रज्ञांना काय दिसत नव्हतं?

मधला भाग. सुरुवातीला कोणते रेणू होते आणि शेवटी कोणते तयार झाले हे कळत होतं. अभिक्रिया किती वेगाने होते, तापमान वाढवलं की ती किती पट वाढते, हे अऱ्हेनियस यांच्या काळापासून मोजलं जात होतं. १९३०च्या दशकात आयरिंग आणि मायकेल पोलानी यांनी सिद्धांत मांडला की जुना बंध धड तुटलेला नाही आणि नवा धड जुळलेला नाही, अशा एका अवस्थेतून रेणूंना जावं लागतं. हीच संक्रमण अवस्था. बारावीच्या पुस्तकात ऊर्जेच्या आलेखावर जो डोंगर काढलेला असतो, त्याच्या माथ्यावर ती असते. पण त्या माथ्यावरचा रेणू कोणी कधी बघितला नव्हता.

वेग वाढवायचे प्रयत्न झाले होते आणि मोठे झाले होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस नॉरिश आणि पोर्टर यांनी केंब्रिजला झगझगीत दिव्यांच्या झोताने अभिक्रिया सुरू करून हजारांश, पुढे दशलक्षांश सेकंदांपर्यंत मजल मारली. आयगेन यांच्यासह त्यांना १९६७चं नोबेल मिळालं. १९८६चं नोबेल हर्शबाख, ली आणि जॉन पोलानी यांना मिळालं. या जॉन पोलानींचे वडील म्हणजे वर आलेले मायकेल पोलानी. रेणूंचे झोत एकमेकांवर आदळवून, तुकडे कोणत्या दिशेला उडतात यावरून मध्ये काय घडलं असेल याचा अंदाज बांधायचा, ही हर्शबाख आणि ली यांची रीत. अंदाज अतिशय हुशारीचा होता, पण तो मागाहून बांधलेला होता.

मग झेवेल यांचं खरं योगदान कोणतं?

माझं उत्तर ठाम आहे: १९८१चा अँथ्रासीनचा प्रयोग. बहुतेक लेखांत तो एका वाक्यात उरकतात, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

अँथ्रासीनच्या रेणूत २४ अणू असतात आणि त्याला ६६ वेगवेगळ्या तऱ्हांनी कंप पावता येतं. अशा रेणूला ऊर्जा दिली की ती क्षणार्धात या सगळ्या कंपनांत विखुरते आणि कशाचा कशाला मेळ राहत नाही, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. ती खरी असती तर पुढचं काहीच शक्य नव्हतं. कारण एका रेणूकडून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो, प्रयोगात अब्जावधी रेणू एकदम बघावे लागतात. ते सगळे आपापल्या वेळेने हलत असतील तर सरासरीत सगळं पुसून जाणार, मग लेसर कितीही वेगवान आणा. ढोल-ताशा पथकात प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा टिपरू मारलं तर नुसता गोंगाट होतो. ताशाचा इशारा मिळाला आणि सगळ्यांनी एकदम उचललं, तरच ठेका लांबपर्यंत ऐकू येतो. झेवेल यांना रेणूंना तसा इशारा द्यायचा होता.

पीटर फेल्कर आणि विल्यम लॅम्बर्ट यांच्याबरोबर त्यांनी अँथ्रासीन वायुरूपात बारीक छिद्रातून निर्वातात सोडला. असं केल्याने रेणू अतिथंड होतात आणि एकमेकांपासून सुटे राहतात. मग त्यांना लेसरची पल्स दिली आणि रेणूंतून बाहेर पडणारा प्रकाश वेळेनुसार नोंदवला. तो नुसता ओसरत जायला हवा होता. प्रत्यक्षात तो लाटांसारखा कमी-जास्त होत होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका कंपनाचा संकेत उतरत असताना दुसऱ्याचा चढत होता. ऊर्जा विखुरत नव्हती, ठरावीक कंपनांत ये-जा करत होती आणि अब्जावधी रेणू हे एका तालात करत होते.

हा प्रयोग पिकोसेकंदांचा होता, म्हणजे फेम्टोसेकंदांच्या मानाने हजारपट संथ. तरीही पाया इथेच पडला. पुढे १९८१मध्येच बेल लॅब्जमध्ये फोर्क, ग्रीन आणि शँक यांनी १०० फेम्टोसेकंदांहून लहान पल्स देणारा रंगद्रव्याचा लेसर बनवला. तेव्हा त्याचं काय करायचं याची स्पष्ट कल्पना झेवेल यांच्याकडे तयार होती.

अनिश्चिततेचं तत्त्व आड येत नाही का?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तेव्हा तज्ज्ञांनीही विचारला होता. वेळ जितकी नेमकी, तितकी ऊर्जा अनिश्चित. पल्स ५० फेम्टोसेकंदांची केली तर तिच्यातला रंग एक राहत नाही, पट्टा पसरतो. मग रेणूची नेमकी ऊर्जापातळी कशी निवडणार?

निवडायची नाहीच, हे उत्तर. पसरलेला पट्टा एकाच वेळी अनेक कंपनपातळ्या जागवतो आणि त्या एकमेकांत मिसळून तरंगांचा एक घट्ट पुंजका तयार होतो. हा पुंजका एका जागी असतो, पुढे सरकतो, परत येतो, अगदी नेहमीच्या जगातल्या वस्तूसारखा. ऊर्जेच्या अनिश्चिततेमुळेच अणू 'आत्ता इथे आहे' असं म्हणता येतं. मला हा या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

एवढासा वेळ मोजतात कसा? असं कोणतं घड्याळ आहे?

घड्याळ नसतं, आरसा असतो. कोणताही इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फेम्टोसेकंद ओळखू शकत नाही. म्हणून लेसरची पल्स दोन वाटांनी पाठवतात. पहिली पल्स रेणूला धक्का देते, तिला पंप म्हणतात. दुसरी थोड्या उशिराने येऊन रेणू कुठवर पोचला ते बघते, ती प्रोब. उशीर किती, हे दुसरीच्या वाटेवरचे आरसे ठरवतात. आरसे एका सरकत्या मंचावर बसवलेले असतात. मंच १५ मायक्रोमीटर मागे घेतला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बराच कमी, की प्रकाशाला जाऊन-येऊन ३० मायक्रोमीटर जास्त चालावं लागतं आणि प्रोब १०० फेम्टोसेकंद उशिरा पोचते.

मंच किंचित सरकवायचा, हजारो पल्सची मोजणी घ्यायची, पुन्हा किंचित सरकवायचा. पूर्ण 'चित्रपट' असा एकेक चौकट जोडून तयार होतो. टेबल हवेच्या पायांवर तोललेलं असतं, कारण बाहेरच्या वाहतुकीचा हादराही चालत नाही. या क्षेत्रातल्या माणसाचा निम्मा दिवस आरशांचे स्क्रू फिरवून दोन किरण एका बिंदूत आणण्यात जातो. कॅलटेकमधल्या आपल्या प्रयोगशाळांना झेवेल यांनी 'फेम्टोलँड' असं नाव दिलं होतं.

गाजलेले प्रयोग कोणते?

दोन सांगतो. पहिला १९८७चा, आयोडीन सायनाइडचा, मार्कोस डँटस आणि मार्क रॉस्कर यांच्याबरोबरचा. पंप पल्स पडली की आयोडीन आणि कार्बन यांच्यातला बंध तुटतो. प्रोबचा रंग मोकळ्या सायनो तुकड्याला जुळेल असा ठेवला तर संकेत हळूहळू चढत जातो. रंग जरासा लालसर बाजूला सरकवला तर संकेत चढून लगेच पडतो, कारण त्या रंगाला फक्त अर्धवट तुटलेला रेणूच प्रतिसाद देतो. तुटण्याला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागले. 'बंध तुटतोय' हे वर्तमानकाळात म्हणता आलं ते इथे.

दुसरा सोडियम आयोडाइडचा, आणि शिकवायला याच्याइतका चांगला प्रयोग नाही. या रेणूत सोडियम धन आणि आयोडीन ऋण असतं. पंप पल्सने तो उत्तेजित केला की दोन्ही अणू उदासीन होऊन एकमेकांपासून लांब जाऊ लागतात. ६.९ अँगस्ट्रॉम अंतरावर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) एक दुभाजा येतो. तिथे दोन शक्यता: अणू सुटून जातील, नाहीतर इलेक्ट्रॉन पुन्हा उडी मारेल, दोघे धन-ऋण होतील आणि आकर्षणाने मागे खेचले जातील. बहुतेक रेणू मागे खेचले जातात. ही ये-जा एका फेरीला साधारण १२५० फेम्टोसेकंद घेते आणि प्रत्येक फेरीत दुभाज्यावर दहांतला जेमतेम एक रेणू निसटतो. त्यामुळे मोकळ्या सोडियमचा संकेत सरळ न चढता जिन्यासारखा पायरी-पायरीने चढतो, आणि बांधलेल्या रेणूंचा संकेत हेलकावत हेलकावत विरतो. तो आलेख एकदा शांतपणे बघावा. रेणू जाग्यावर थांबून 'जाऊ की नको' करतोय हे कागदावर उमटलेलं दिसतं.

याचा व्यवहारात उपयोग काय?

झेवेल यांच्या प्रयोगांतून थेट एखादं औषध किंवा यंत्र निघालं असं नाही, आणि तसं दाखवायची गरजही नाही. त्यांच्या पद्धतीने मात्र अनेक विषयांत दारं उघडली. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडला की र्‍होडॉप्सिन या प्रथिनातला रेटिनल रेणू वळतो आणि दिसण्याची साखळी सुरू होते. ते वळणं सुमारे २०० फेम्टोसेकंदांत होतं, असं बर्कलीच्या गटाने १९९१मध्ये दाखवलं. प्रकाशसंश्लेषणात पानाने शोषलेली ऊर्जा कुठून कुठे जाते, सौरघटाच्या पदार्थांत विद्युतभार कुठे वाया जातो, हे आज याच पंप-प्रोब पद्धतीने तपासतात. चष्म्याचा नंबर घालवण्याच्या ब्लेडविरहित शस्त्रक्रियेत वापरतात तो फेम्टोसेकंद लेसर याच कुळातला, पण ती वाट वेगळ्या लोकांनी घडवली.

नोबेल एकट्यालाच का? इतरांवर अन्याय नाही का झाला?

लेसर घडवणारे शँक, द्रवांमधल्या अतिजलद घडामोडींवर काम करणारे ग्रॅहॅम फ्लेमिंग, खुद्द झेवेल यांचे गुरू हॉकस्ट्रासर, अशी मोठी माणसं या क्षेत्रात होती. पण नोबेलचं मानपत्र नेमकं आहे: फेम्टोसेकंद स्पेक्ट्रोस्कोपीने रासायनिक अभिक्रियांच्या संक्रमण अवस्थांचा अभ्यास. ते त्या शब्दांत वाचलं तर निवड मला रास्त वाटते. ज्यांच्या हातांनी हे प्रयोग झाले, त्या फेल्कर, लॅम्बर्ट, डँटस, रॉस्कर, टॉड रोझ यांची नावं मात्र झेवेल यांच्या नावाबरोबर शिकवली जायला हवीत.

नोबेलनंतर त्यांनी काय केलं?

साठीकडे झुकलेल्या माणसाने विषय जवळजवळ नवा घेतला. लेसरने वेळ दिसत होती, अणूंच्या जागा मात्र अप्रत्यक्षपणे काढाव्या लागत होत्या, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणूंच्या हजारो पट मोठी असते. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अणूहून लहान करता येते. म्हणून त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकालाच फेम्टोसेकंदांची दृष्टी द्यायचं ठरवलं. अडचण अशी की इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. त्यांचा झुबका सोडला की तो वाटेतच फुगतो आणि वेळेचा नेमकेपणा जातो. झेवेल यांचा उपाय धाडसी होता: एका पल्समध्ये सरासरी एकच इलेक्ट्रॉन सोडायचा आणि तेच लाखो वेळा करून चित्र जुळवायचं. यातून चौमितीय (तीन मिती अवकाशाच्या, चौथी वेळेची) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन उभं राहिलं. ग्रॅफाइटचा पातळ पापुद्रा लेसरच्या झटक्याने कसा थरथरतो, हे त्यांच्या गटाने त्यातून टिपलं.

याच काळात प्रथिनांभोवतीच्या पाण्याच्या थरावरही काम झालं. त्यावरच्या २००२च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक समीर कुमार पाल. ते पुढे कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्रात आले.

इजिप्तशी त्यांचं नातं टिकलं का?

टिकलं, आणि त्यात त्यांनी बरंच सोसलं. १९८२मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले, इजिप्तचं नागरिकत्व त्यांनी सोडलं नाही. इजिप्तने त्यांना 'नाईलचा हार' हा सर्वोच्च सन्मान दिला, त्यांची टपाल तिकिटं काढली. मायदेशी एक अद्ययावत विज्ञानसंस्था उभी करायचं त्यांचं स्वप्न होतं. १ जानेवारी २००० रोजी कोनशिला बसली आणि मग दहा वर्षांहून जास्त काळ काहीच हललं नाही. २०११च्या क्रांतीनंतर प्रकल्पाला पुन्हा जीव आला, पण दिलेल्या जागेवरून नाईल विद्यापीठाशी वाद पेटला आणि तो न्यायालयात गेला. अखेर या संस्थेला, म्हणजे झेवेल सिटीला, कैरोजवळच्या सहा ऑक्टोबर शहरात नवी जागा मिळाली. २००९मध्ये ओबामा यांनी त्यांना आपल्या विज्ञान सल्लागार मंडळावर घेतलं आणि मध्यपूर्वेसाठी विज्ञानदूत नेमलं. २०१३मध्ये त्यांना पाठीच्या कण्यात कर्करोगाची गाठ असल्याचं निदान झालं. निधन अमेरिकेत झालं, दफन मात्र इजिप्तमध्ये, लष्करी इतमामात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात जायचं असेल तर?

वाट आहे, आणि घराजवळ आहे. कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), मुंबईतल्या ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), आयआयटी मुंबई आणि पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) इथे अतिजलद लेसरवर काम चालतं. राज्याबाहेर मद्रास विद्यापीठाचं अतिजलद प्रक्रियांचं राष्ट्रीय केंद्र चेन्नईत आहे. बारावीनंतर आयसरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. बी.एस्सी. केलेल्यांसाठी 'जॅम' आणि टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, एम.एस्सी.नंतर 'नेट' आणि 'गेट'.

तयारीबद्दल एकच आग्रह धरतो. 'मी केमिस्ट्रीचा, मला गणिताचं काय' ही सवय अकरावीतच मोडा. फूरिए रूपांतर (गुंतागुंतीची लाट साध्या लाटांत फोडायचं गणित) समजलं नाही तर वर सांगितलेला तरंगांचा पुंजका कधीच समजणार नाही. थोडं प्रोग्रामिंग आणि प्रकाशशास्त्राचं प्रात्यक्षिक मन लावून करा. कॉलेजच्या लॅबमध्ये न्यूटनची वलयं नीट जुळवता येणारा मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रात लवकर रुळते.

आता फेम्टोसेकंद मागे पडले का?

नाही. २०२३चं भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर अगोस्तिनी, फेरेंक क्राउझ आणि अॅन लुइलिए यांना मिळालं, ते आणखी हजारपट लहान असलेल्या अॅटोसेकंदांच्या पल्ससाठी. पण त्या पल्सनी दिसते ती इलेक्ट्रॉनची हालचाल. अणुकेंद्रं जड असतात, ती आजही फेम्टोसेकंदांतच सरकतात, आणि बंध तुटला की जुळला हे शेवटी त्यांच्या सरकण्यावर ठरतं. अॅटोसेकंदांच्या प्रयोगांतही पंप, प्रोब आणि त्यांच्यामध्ये उशीर पाडणारे सरकते आरसे आहेतच, फक्त ते आता नॅनोमीटरच्या अचूकतेने हलवावे लागतात.